हिरव्या तुटक रेषेवरचे मजले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आपल्याला दोनचा एफएसआय मिळतोय.’ एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. तो कशाच्या बळावर मिळतोय, हे सभेत सहसा कुणी विचारत नाही. उत्तर नकाशावरच असते. बांधकामाच्या नकाशांत रंगांची ठरलेली भाषा असते. भूखंडाची हद्द जाड काळी, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांनी, नवे बांधकाम लाल. आज असलेला रस्ता हिरव्या सलग रेषेने दाखवतात आणि पुढे कधीतरी होणारा रस्ता हिरव्या तुटक रेषेने. पुण्यातल्या अनेक जुन्या सोसायट्यांच्या गल्ल्यांत वरचे मजले या तुटक रेषेच्या भरवशावर मंजूर होतात. मजले दोन-तीन वर्षांत उभे राहतात. रेषा तुटकच राहते.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. मुंबई महापालिकेचे क्षेत्र, एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश असे काही अपवाद सोडले तर ती राज्यभर लागू आहे. त्याआधी गावोगावच्या नियमावल्या वेगळ्या होत्या. एकाच वास्तुरचनाकाराला पुण्यात एक हिशेब आणि पिंपरीत दुसरा करावा लागे. तो गोंधळ मिटला, हे मान्य करायलाच हवे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर साधे घर बांधणाऱ्याला परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत आणि ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत काम होण्याची तरतूद आहे, ही तर खरोखरच चांगली सोय. पण या नियमावलीचा कणा रस्त्याच्या रुंदीत आहे, आणि दुखणेही तिथेच आहे.

पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि मुंबई महानगर प्रदेशातल्या महापालिकांत, दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर, मूळ निर्देशांक १.१० आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच भागवायचे. पैसे भरून घेण्याचा निर्देशांक नाही आणि टीडीआरही (सार्वजनिक कामासाठी जागा सोडल्याबद्दल मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता नऊ मीटर झाला की अधिमूल्य भरून ०.५० आणि टीडीआरचा ०.४० मिळतो, एकूण २.००. बारा मीटरवर एकूण २.२५, पंधरावर २.५०, चोवीसवर २.७५ आणि तीस मीटर वा त्याहून रुंद रस्त्यावर ३.००. यामागचा विचार सरळ आहे. जितकी माणसे आणि वाहने वाढणार, तितका रस्ता रुंद हवा. नगररचनेतला हा सर्वात जुना आणि शहाणा नियम आहे.

आता एक हजार चौरस मीटरचा भूखंड घ्या. सहा मीटरच्या गल्लीत १.१० प्रमाणे ११०० चौरस मीटर मिळाले. पण गोष्ट इथे संपत नाही. जिने, मार्गिका, लिफ्ट, बाल्कनी या गोष्टी पूर्वी निर्देशांकाबाहेर धरल्या जात. नव्या नियमांत त्या हिशेबात आल्या आणि त्यांच्या बदल्यात रहिवासी वापराला ६० टक्के, तर बिगररहिवासी वापराला ८० टक्के सहायक क्षेत्र, तेही अधिमूल्य भरून, देण्यात आले. म्हणजे ११०० चे प्रत्यक्षात १७६० झाले. तीच गल्ली कागदावर नऊ मीटर झाली की २००० चे ३२०० होतात. त्यातल्या ३०० चौरस मीटरची खाली दुकाने काढली तर दुकानांचे ५४० आणि घरांचे २७२०, मिळून ३२६०. ‘दोनचा एफएसआय’ म्हणजे प्रत्यक्षात सव्वातीनपट बांधकाम, हे सभासदांना बहुधा इमारत उभी राहिल्यावरच उमगते. सदनिकेमागे शंभर चौरस मीटर बांधकाम धरले, तर तीन मीटरच्या फरकाने १७ घरांची ३२ होतात. (रस्त्यासाठी सोडून दिला जाणारा पट्टा आणि त्याचा मोबदला मी इथे धरलेला नाही, ढोबळ चित्र त्याने बदलत नाही.)

तीन मीटर रस्त्याची किंमत एवढी मोठी असल्यावर तो रस्ता निदान कागदावर तरी रुंद करण्याची घाई होणारच. २०२० साली पुणे महापालिकेच्या स्थायी समितीपुढे शहरातले ३२३ सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर बराच गदारोळ झाला, तो याच कारणाने. नऊ मीटरखाली टीडीआर मिळत नाही, म्हणून रस्ता नऊचा करा. त्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २१० वापरायचे, म्हणजे रस्त्याची ‘नियमित रेषा’ आखायची. हवे ते रस्तेच निवडून घेतल्याचा आरोप तेव्हा झाला. त्यात मला शिरायचे नाही. नियमित रेषा आखली की जमिनीवर काय होते, एवढेच सांगायचे आहे.

रेषा आखल्याने रस्ता रुंद होत नाही. सहाचा नऊ करायचा तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटरचा पट्टा लागतो. रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि जो मालक इमारत पाडून नवी बांधतो, त्याने आपला पट्टा सोडायचा. जो पाडत नाही, तो जिथे आहे तिथेच राहतो. तीनशे मीटर लांबीची गल्ली घ्या. प्रत्येक बाजूला पंचवीस मीटर दर्शनी लांबीचे बारा भूखंड, म्हणजे एकूण चोवीस. पहिल्या पाच-सात वर्षांत त्यातले तीन पुनर्विकासाला जातात. तिघांनीही आपले पट्टे इमानदारीने सोडले असे समजा. तरी तीनशे मीटरच्या गल्लीत, कुठे या तर कुठे त्या बाजूला, एकूण तीन ठिकाणी पंचवीस-पंचवीस मीटरच्या खाचा पडतात. तिथे रस्ता साडेसात मीटर, बाकी सगळीकडे सहा. नेमके समोरासमोरचे दोन भूखंड निघाले तरच कुठेतरी नऊ मीटर दिसेल आणि तेही पंचवीस मीटरपुरते. वाहन मात्र भूखंडासमोरून हवेत उडत मोठ्या रस्त्याला लागत नाही. त्याला गल्लीच्या सर्वांत अरुंद जागेतूनच जावे लागते. पाण्याच्या नळाचा व्यास मध्येच वाढवला म्हणून टोकाला धार वाढत नाही, तसेच हे.

त्या खाचांचे काय होते, हे कुठल्याही गल्लीत जाऊन पाहता येईल. जुन्या कुंपणभिंतीला लागून महावितरणचा खांब किंवा फीडर पिलर (विजेची पेटी) असतो, तो आता रस्त्यातच येतो. तो हलवायचा खर्च कुणी करायचा, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे नव्या पातळीला नसतात. झाड असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी, आणि ती सहज मिळूही नये. पंचवीस मीटरच्या तुकड्यासाठी डांबरीकरणाची निविदा निघत नाही. शेवटी विकसक तिथे पेव्हर ब्लॉक बसवतो, शोभेच्या चार कुंड्या ठेवतो आणि खालच्या दुकानांची गिऱ्हाइके आपल्या स्कूटर तिथे लावतात. रस्त्यासाठी दिलेली जागा, जिच्या मोबदल्यात टीडीआर घेतला, ती दुकानांचे वाहनतळ म्हणून पुन्हा त्याच इमारतीच्या पदरात पडते.

दुकानांचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. घराखाली दुकान असण्यात काही वावगे नाही. पुण्याच्या पेठा शेकडो वर्षे तशाच वसल्या : रस्त्याला दुकान, मागे चौक, वर बिऱ्हाडे. वाणी, दवाखाना, इस्त्रीवाला चालत जाण्याच्या अंतरावर असला तर वाहनांच्या फेऱ्या कमीच होतात. निव्वळ रहिवासी आणि निव्वळ व्यापारी असे शहराचे काटेकोर तुकडे पाडण्याचा हट्ट आपण सोडला, ते बरेच झाले. पण मिश्र वापराचे गणित वाहनतळावर टिकते. तिथे पहिला खिळा ढिला होतो.

नियमावलीत सदनिकांच्या आकारानुसार आणि दुकानांच्या क्षेत्रफळानुसार गाड्या-स्कूटरींची संख्या ठरलेली आहे. चारचाकीला २.५ गुणिले ५ मीटर, दुचाकीला १ गुणिले २ मीटर. शिवाय रहिवासी वापरात पाहुण्यांसाठी पाच टक्के जादा. कागदावर हे आकडे बसवण्यासाठी यांत्रिक वाहनतळ दाखवतात, एकावर एक दोन किंवा तीन गाड्या. राहणारा माणूस सकाळी एकदा गाडी काढतो आणि रात्री एकदा लावतो, त्याला ते चालते. पाव किलो चक्का घ्यायला आलेले गिऱ्हाईक स्टॅकरवर गाडी चढवत नाही. त्यामुळे दुकानांच्या वाट्याचे वाहनतळ यंत्रावर दाखवलेले असेल, तर ते प्रत्यक्षात रस्त्यावर आहे असेच समजावे. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या, एकेक १.८ मीटर रुंदीची, की मध्ये २.४ मीटर उरतात. अग्निशमन दलाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो.

दुसरी खोट स्टिल्टची. खांबांवरचा मोकळा तळमजला वाहनतळासाठी म्हणून निर्देशांकात धरला जात नाही. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडले की कडेच्या दोन गाळ्यांना शटर लागते, आत आधी ‘सोसायटी ऑफिस’ आणि मग झेरॉक्सचे दुकान येते. यात बांधकाम वाढते आणि वापरही बदलतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत वापरातला ठळक बदलही येतो. म्हणजे एक वीटही न रचता परवानगीशिवाय घराचे दुकान करणे हे बेकायदा विकासकाम ठरू शकते. कलम ५३ खाली नोटीस निघते. कलम ५२ मधल्या दंडाची वरची मर्यादा ५,००० रुपये आहे. गल्लीतल्या गाळ्याचे एका महिन्याचे भाडे याहून जास्त असते. कैदेचीही तरतूद आहे, पण दुकानाच्या शटरपायी कुणी तुरुंगात गेल्याचे ऐकिवात नाही. एवढ्या दंडाला कुणी भ्यावे, अशी अपेक्षाच भाबडी आहे.

विकसकांची बाजूही मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांनी त्या काळी एकचा निर्देशांक वापरला. वर बाल्कन्या आणि जिने फुकट. आज सहा मीटरच्या रस्त्यावर मिळणारे १.१० अधिक ६० टक्के यातून त्याच सभासदांना तेवढीच घरे, थोडी जादा जागा आणि वाहनतळ द्यायचे, तर विकायला फारसे काही उरत नाही. मग कुणी विकसक येत नाही, सळया गंजतात, स्लॅब गळतो. ‘सहा मीटरवर काहीच देऊ नका’ असे म्हणणे म्हणजे या इमारतींना त्यांच्या नशिबावर सोडणे. म्हणून माझा आग्रह मजले नाकारण्याचा नाही. जो रस्ता दाखवून मजले घेतले, तो रस्ता आणा, एवढाच आहे.

आणि तो आणण्याचा अधिकार महापालिकेकडे आधीपासून आहे. महानगरपालिका अधिनियमानुसार नियमित रेषेच्या आत येणारी, इमारत नसलेली मोकळी जागा, तिच्या कुंपणभिंतीसह, मालकाला सात पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन आयुक्तांना ताब्यात घेता येते. आपल्या सोसायट्यांत पुढच्या दीड मीटरवर इमारत क्वचितच असते. असते ते सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडलेली मोकळी जागा), एक भिंत, तुळस आणि लोखंडी फाटक. म्हणजे चोवीस भूखंडांपैकी बहुतेकांचा पट्टा पुनर्विकासाची वाट न पाहता एकाच मोहिमेत मिळू शकतो. अडते ते भरपाईपाशी. मालकांना मोबदला द्यावा लागतो, फाटके आणि भिंती पुन्हा बांधून द्याव्या लागतात, आणि चोवीस सोसायट्यांचा राग ओढवून घ्यावा लागतो. त्यापेक्षा रेषा आखून थांबणे सोपे.

पैशाचे निमित्त मात्र पटत नाही. अधिमूल्याच्या ०.५० निर्देशांकासाठी रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दराच्या ३५ टक्के रक्कम घेतली जाते. तो दर चौरस मीटरला ५०,००० रुपये धरला, तर एक हजार चौरस मीटरच्या एका भूखंडातून ५०० गुणिले १७,५००, म्हणजे ८७ लाख ५० हजार रुपये येतात. सहायक क्षेत्राचे अधिमूल्य आणि विकास शुल्क वेगळे. गल्लीतल्या तीन पुनर्विकासांतून अडीच कोटींच्या वर रक्कम जमा होते आणि तिच्यातला एक रुपयाही त्याच गल्लीच्या भिंती, खांब, चेंबर यांवर खर्च करण्याचे बंधन नाही. नियमावलीत एकच पोटनियम वाढवावा : रस्त्याची नियोजित रुंदी दाखवून मिळवलेल्या जादा निर्देशांकाच्या अधिमूल्यातला ठरावीक वाटा त्या रस्त्याच्या नावाने स्वतंत्र खात्यात ठेवावा आणि भूखंडापासून पुढच्या रुंद रस्त्यापर्यंतचा तुकडा सलग मोकळा झाल्याशिवाय वरच्या मजल्यांचे प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) देऊ नये. प्रारंभ प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आजही आहेच. यात विकसकावर अन्याय होईल, कारण शेजाऱ्याची भिंत पाडणे त्याच्या हातात नाही. खरे आहे. पण मग ती भिंत पाडण्यासाठी महापालिकेच्या मागे लागणारा एक तरी बलवान माणूस तयार होईल. आज असे तिथे कुणीच नाही; राहणाऱ्यांचे नुकसान होते आणि बाकी सगळ्यांचे पैसे मिळून झालेले असतात. दुकानांचे वाहनतळ यंत्राऐवजी जमिनीच्या पातळीवर आणि रस्त्यावरून दिसेल असे असावे, ही अट तर महापालिका नकाशा मंजूर करतानाच आग्रहाने धरू शकते.

तोपर्यंत सोसायट्यांनी करारावर सही करण्याआधी काही कागद स्वतः काढावेत. विकसकाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. त्यावर रस्त्याची रुंदी कोणत्या आधाराने लिहिली आहे ते पाहावे : विकास आराखड्यातला रस्ता, मंजूर रेखांकनातला अंतर्गत रस्ता की कलम २१० ची रेषा. तिन्हींचे भवितव्य वेगवेगळे असते. आराखड्यातल्या रस्त्यासाठी भूसंपादनाचा मार्ग असतो, रेखांकनातला रस्ता बहुधा अजून मूळ जमीनमालकाच्याच नावावर सातबाऱ्यावर असतो, आणि नियमित रेषेचे काय होते ते वर लिहिलेच आहे. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा आणि मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र जुळते का ते तपासावे. तिथे पाच-दहा चौरस मीटरचा फरक निघाला तर सगळा हिशेब सरकतो. मग एका रविवारी सकाळी टेप घेऊन गल्लीच्या तोंडापासून शेवटपर्यंत दर वीस मीटरवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, माप घ्यावे. सर्वांत लहान आकडा तो आपला खरा रस्ता. विकसकाचा नकाशा आला की त्यातल्या क्षेत्र विवरण तक्त्यात रस्तारुंदीत गेलेला पट्टा किती, त्याचा मोबदला टीडीआरने घेतला की जागेवरच निर्देशांक म्हणून वापरला, आणि दुकानांचे वाहनतळ कोणत्या पातळीवर आहे, या तीन ओळी आधी वाचाव्यात. पट्टा सोडल्यावर त्याची ताबा पावती महापालिकेच्या नावे झाली का, हेही विचारावे. ती नसेल तर उद्या तिथे गेट उभे राहिले तरी कुणाला बोलता येत नाही.

आणि आपल्या गल्लीसाठी नवी नियमित रेषा प्रस्तावित झाली असेल, तर वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि गल्लीत लावलेली नोटीस यांवर लक्ष ठेवावे. निर्णयाची सभा आणि ही सूचना यांत किमान एक महिन्याचे अंतर लागते. हरकत तोंडी चालत नाही. ती लेखी असावी लागते आणि सभेच्या दिवसाआधी तीन पूर्ण दिवस शिल्लक असताना नगरसचिवांच्या कार्यालयात पोचावी लागते. हरकतीसोबत वर सांगितलेल्या मापांचा तक्ता आणि प्रत्येक मापाच्या जागेचा फोटो जोडावा. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

आपला,
एक वास्तुरचनाकार, पुणे